दाताची सावली

त्याने फिल्मवरची टिकली नखाने काढली. आधी कडेला नख घातलं, मग जरा उचलली, मग बोटाच्या टोकावर घेऊन इकडेतिकडे पाहिलं, हाताला लागलेलं काहीतरी कुठे पुसावं हे माणूस बघतो तसं. कचऱ्याचा डबा पायाशीच होता. तिथे टाकली असती तर मी विसरलेही असते. पण तो भिंतीपाशी गेला, गेल्या शुक्रवारपासून तिथे डकवलेल्या कागदावर माझं नाव शोधलं, आणि नावापुढच्या चौदा या आकड्यावर ती टिकली अंगठ्याने दाबून बसवली. "चौदाचे पंधरा झाले बघा, शिवकांताबाई," डॉक्टर सर्वेश म्हणाला. "ही दाताची सावली आहे. मान काही मोडलेली नाही." खुर्चीवर बसलेली ती बाई एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्या कपाळाकडे बघत होती. तिचा नवरा दारात उभा राहून मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, हाव, निघालो, काई न्हाई झालं. मी काही बोलले नाही. सोमवार होता.

सोमवारी मी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. पहाटे आंघोळ, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा, आणि पूजा झाली की तोंड मिटायचं ते दिवेलागणीला दिवा लावूनच उघडायचं. दवाखान्यात सगळ्यांना हे ठाऊक आहे. नांदेडात अपघाताचे दवाखाने पुष्कळ आहेत, त्यातलाच एक आमचा, तीन मजल्यांचा, आणि एक्स-रेची खोली तळमजल्यावर, कॅज्युअल्टीला लागून. छातीचा एक्स-रे काढताना पेशंटला श्वास घ्या, धरा, सोडा हे सांगावंच लागतं, म्हणून सोमवारपुरता माझाच आवाज मी मोबाइलवर भरून ठेवला आहे. मराठीत आहे, हिंदीत आहे, आणि देगलूरकडच्या लोकांसाठी बसलिंगप्पामामांनी शिकवला तसा तेलुगूतही आहे. मामा आमच्याकडे स्ट्रेचर ढकलतात, पंचावन्नच्या पुढचे आहेत, देगलूरचेच. एकदा 'धरा'नंतर माझा मोबाइल बंद पडला आणि एक म्हातारा श्वास धरून तांबडालाल होईपर्यंत उभाच राहिला. मामा म्हणाले, "अक्का, तुमच्या व्रतापायी मानूस जाईल एखादा." सगळे हसले, म्हातारासुद्धा. मीही हसले, आवाज न करता. माझा आवाज तसाही मऊ आहे. पेशंटचे नातेवाईक म्हणतात, बाई किती शांत बोलतात. निलंग्याला आमच्या वडिलांच्या घरात मोठ्याने कुणी बोलत नसे, भांडी घासतानाही वाजू द्यायची नाहीत. मऊ आवाजाच्या आत काय काय बसतं हे कुणी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सर्वेशला मी तोंडावर सर म्हणते. मनात अरेतुरे करते, आणि सोमवारी तर मनात दुसरं काही चालतच नाही.

टिकलीची सवय जुनी आहे. फिल्मवर मला काही खटकलं की तिथे मी एक लाल टिकली लावते. पाकीट पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात असतं. टिकली म्हणजे निदान नव्हे. निदान करायचा मला अधिकार नाही, मी फक्त फिल्म काढणारी. टिकली म्हणजे एवढंच, साहेब, इथे एकदा बघून घ्या. आधीचे डॉक्टर ती बघायचे आणि फिल्म हातात घेऊन खिडकीपाशी जायचे. मग गेल्या वर्षी फिल्म वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर देविकामॅडम आल्या. आल्या म्हणजे लातूरहूनच; त्या लातूरला बसतात, आमच्या सगळ्या फिल्म त्यांना कॉम्प्युटरवर दिसतात आणि त्यांचा पक्का रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येतो. फक्त सीटीचा रिपोर्ट त्या त्याच दिवशी देतात. तोवर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरचं मत तेच मत. कुणीतरी त्यांना टिकलीचं सांगितलं. त्या फोनवर म्हणाल्या, "शिवकांताबाई, आपण मोजूनच बघू या ना. तुमची टिकली, डॉक्टरचं मत आणि माझा रिपोर्ट. कुणाचा डोळा किती खरा." तीन महिने मोजलं. शुक्रवारी कागद आला. दिवसपाळीच्या फक्त दोन ओळी, एक माझी आणि एक सर्वेशची. मोडलेल्या शंभर फिल्ममागे मी त्र्याण्णव ओळखल्या होत्या, त्याने एक्याऐंशी. आणि धडधाकट शंभर फिल्ममागे चौदा ठिकाणी मी उगाच टिकली लावली होती, त्याने सहाच ठिकाणी उगाच शंका घेतली होती. मोठ्या साहेबांनी तो कागद भिंतीला लावायला सांगितला. सर्वेशने तो वाचला तेव्हा मी समोरच होते. "चौदा धडधाकट माणसं तुम्ही मोडीत काढलीत की, बाई," असं म्हणून तो गेला. त्याचे कान तांबडे झाले होते. मी त्या कागदाची एक झेरॉक्स काढली, घडी घातली आणि खोलीवर नेऊन देवघरात विभूतीच्या डबीखाली ठेवली. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही. शनिवारी सकाळी पूजा करताना डबी उचलली तर घडी दिसली, आणि तोंडात गूळ ठेवल्यासारखं झालं.

तर ही बाई. सिंधु नाव, पन्नाशीच्या आतबाहेरची, उमरीजवळच्या खेड्यातली. नवरा ग्यानोबा. मोटारसायकलवर मागे बसून नांदेडला येत होती. नांदेडहून लातूरची गाडी धरायची होती, कारण तिची लेक तनुजा लातूरला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, पहिली खेप. शहराच्या तोंडाशी रंग न मारलेला गतिरोधक आला आणि ही मागच्या मागे डोक्यावर पडली. कपाळ खरचटलं होतं, पदराला माती होती, आणि एक्स-रेच्या टेबलावर झोपताना ती मला घाई करत होती. "लवकर करा माय, लेक तिकडं कळा देऊन राहिली. दोनची गाडी हाय आमाला." मानेचा एक फोटो तोंड उघडून घ्यावा लागतो, पुढच्या दातांच्या मधून. आपलं डोकं ज्या खुंटीवर उजवी-डावीकडे फिरतं ती खुंटी दुसऱ्या मणक्याला असते, आणि ती बघायची तर तोंडातूनच; कधीकधी दातांची सावली तिच्यावर पडून चिरेसारखी दिसते. मला बोलायचं नव्हतं म्हणून मी माझंच तोंड मोठं उघडून दाखवलं. तिला हसू आलं. "तुमाला बी दात दुखायला काय?" म्हणाली. फोटो झाला. मग ती उठली, आणि उठताना तिने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं, भरलेली घागर खाली उतरवताना धरतात तसं, कानांच्या मागून, आणि ते डोकं हातांत घेऊनच ती टेबलावरून उतरली. हे मी पाहिलं. सर्वेशने नाही पाहिलं, तो तेव्हा पलीकडे एका पोरीच्या हनुवटीला टाके घालत होता. फिल्म छापून आली. खुंटीच्या बुडाशी आडवी रेघ होती, केसासारखी, एका बाजूने जराशी काळी. मी टिकली लावली. सर्वेश आला, फिल्म उजेडावर धरली, आणि पुढचं मी सांगितलंच. तो म्हणाला, "मावशी, काही नाही झालेलं. गोळ्या देतो, मलम लावा, जा, गाडी पकडा." अकरा चाळीस झाले होते.

ती दोघं गेली. ती फिल्म पिशवीत घालून न्यायची विसरली, किंवा सर्वेशने दिलीच नाही, ती उजेडाच्या पेटीवर तशीच लागलेली होती आणि टिकली होती तिथे डिंकाचं पुसट वर्तुळ राहिलं होतं. मी पुढचा पेशंट घेतला, मनगट. मग घोटा. हात आपले चालत होते. मन सांगत होतं, तू गप्प राहिलीस कारण व्रत आहे. व्रत मोडायचं ते काय अशा मुलासाठी, ज्याला बाईमाणसाच्या कपाळावरची वस्तू आकड्यावर चिकटवताना काही वाटलं नाही? तुझं काम टिकली लावणं. ती तू लावलीस. काढली त्याने. पाप काढणाऱ्याला. असं मी पुष्कळ वेळ म्हणत राहिले, एखादं स्तोत्र म्हणावं तसं, आणि त्या म्हणण्याखाली दुसरं काहीतरी मजेत चाललं होतं. उद्या दहा वाजता. उद्या दहा वाजता लातूरहून रिपोर्ट येईल, दुसऱ्या मणक्याची खुंटी मोडलेली, कॅज्युअल्टीने पेशंटला मानेची कॉलर न लावता सोडलं. मोठे साहेब त्याला वर बोलावतील. तो जिना उतरून खाली येईल तेव्हा त्याचे कान कसे असतील हे मी बघत होते, आणि मग माझ्याकडे येऊन तो काय म्हणेल, आणि मी काय म्हणेन. मी काहीच म्हणणार नव्हते. मंगळवार असला तरी. नुसती त्या कागदापाशी जाऊन चौदावरची टिकली नखाने काढणार होते, सावकाश, त्याच्या देखत. हे मी इतक्या वेळा केलं की माझ्या अंगठ्याच्या नखाला खरंच गुदगुल्या झाल्या.

सासूबाईंची आठवण अशाच वेळी येते, नको असताना. तेव्हा मी लातूरला होते, एका छोट्या दवाखान्यात, ओल्या फिल्मचे दिवस होते, फिल्म पाण्यातून काढून चिमट्याला वाळत घालायची. आता नवरा लातूरला शाळेवर आणि मी नांदेडात खोली घेऊन, शनिवारी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने यायचं. तेव्हा एकाच घरात सगळे. सासूबाईंचं पोट रोज दुखायचं. रोज. आल्यागेल्याला सांगायच्या, सून फोटो काढते लोकांचे, आपल्या माणसाचं पोट तिला दिसत नाही. एका संध्याकाळी मी कामावरून आले, त्या कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या, आणि मी माझ्या त्याच मऊ आवाजात म्हणाले, "आई, एवढं दुखतं म्हणता, आणि मरत तर नाही." एवढंच वाक्य. आवाज इतका हळू होता की स्वयंपाकघरातल्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं, फिल्म मीच काढली. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली हवा होती, चंद्रकोरीसारखी, काळी, स्वच्छ. आतडं फुटलं की तशी दिसते. हात ओले होते, पेन सापडेना, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे होते, तर मी कपाळावरची टिकली काढली आणि त्या चंद्रकोरीवर लावली. पहिली टिकली ती. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. ते वाक्य त्यांच्याखेरीज कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि मला आजही त्यांचा त्याबद्दल रागच येतो. मठात स्वामींपुढे मी फक्त एवढं म्हणाले की माझ्या तोंडून वाईट निघतं. ते म्हणाले, सोमवारी तोंडाला विश्रांती द्या. सगळ्यांना वाटतं मी पुण्यासाठी गप्प बसते. जनावराला दावं बांधतात ते पुण्यासाठी नसतं.

साडेबारा झाले. बाकीच्यांनी डबे उघडले, मला सोमवारचा उपास. सकाळी ज्या गाडीने आले ती गाडी डोळ्यांपुढे यायला लागली. दोनची लातूर गाडी मला आतून माहीत आहे. ज्यांना उशीर होतो त्यांना शेवटची सीट मिळते, आणि शेवटच्या सीटवर लोह्याच्या पुढे माणूस बसलेला नसतो, तो उडत असतो. आजच सकाळी माझ्या शेजारच्या माणसाचं डोकं टपाला लागलं आणि तो झोपेतच शिवी देऊन पुन्हा झोपला. ती खुंटी मोडलेली असेल आणि तसा एक धक्का बसला, तर श्वास तिथेच थांबतो. धरा, म्हणायचीही गरज नाही. मी हे जाणत होते. जाणत असतानाच मी एका पोराचा कोपर नीट वळवून ठेवला आणि बटण दाबलं. ग्यानोबाचा नंबर फॉर्मवर होता. बोलायचं नव्हतं तर मामांना सांगता आलं असतं. आणि पेन? पेन माझ्या खिशात होतं, टिकल्यांच्या पाकिटाला लागून. सोमवारी मी दिवसभर चिठ्ठ्याच लिहिते, मामा, पाणी आणा, मामा, पुढचा पाठवा. त्या बाईसाठी एक ओळ लिहायला व्रताची आडकाठी कुठे होती? 'उठताना डोकं हातात धरलं. कॉलर लावा.' पाच-सहा शब्द. सर्वेशच्या हातात ती चिठ्ठी दिली असती तर त्याने वाचली असती, तो वाईट डॉक्टर नाही. मी ती लिहिली नाही कारण त्याने वाचली असती.

एक वाजून गेल्यावर छातीच्या फोटोसाठी एक गृहस्थ आले, धाप लागलेले, शर्ट काढून प्लेटला छाती टेकून उभे राहिले. मी मोबाइलवर आवाज लावला. श्वास घ्या. धरा. खोली रिकामी होती आणि तो आवाज भिंतीवरून परत येत होता, मऊ, गोड, देवळातल्या बाईसारखा, कशाचीही घाई नसलेला. सोडा. मी तो हजार वेळा ऐकला असेल. त्या क्षणी मात्र वाटलं, ही कोण बाई आहे, हिच्या हातात मी कुणाचंही माणूस देणार नाही. ते गृहस्थ शर्ट घालेपर्यंत मी कपाटातून मानेची कॉलर काढली होती. मामांना चिठ्ठी लिहिली: सकाळची मानेवाली बाई, लातूर गाडी, थांबवायला जाते. मामांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "अक्का, तुमी बोलनार नाही आन् एस्टी थांबवनार कशी? हात दावून? मी येतो वरडायला." तेवढ्यात कॅज्युअल्टीतून स्ट्रेचरची हाक आली, ते तिकडे धावले, आणि मी रिक्षा केली. रिक्षावाल्याला बोटाने रस्ता दाखवत होते. तो म्हणाला, "मुकी हाय काय बिचारी," स्वतःशीच, आणि मला त्याचाही राग आला.

स्टँडवर पोचले तेव्हा गाडी सुरू झालेली होती. म्हणजे इंजिन चालू, कंडक्टर दारात, खिडक्या थडथडत होत्या. मी पाठीमागून आले तर शेवटच्या खिडकीत तीच होती, खिडकीच्या गजाला डोकं टेकून, डोळे मिटलेले, आणि गजाबरोबर तिचं डोकं बारीक बारीक हलत होतं. मी पत्रा बडवला. तिने डोळे उघडले, ओळखलं, हसली आणि तोंड मोठं आ करून दाखवलं, सकाळची गंमत. ड्रायव्हरने गाडी मागे घेण्याचा हॉर्न दिला. आणि माझं तोंड उघडलं. "उतरा खाली! मान हलवू नका, उतरा!" फाटका आवाज होता, घशातून काहीतरी सोलून निघाल्यासारखा, मला पहिल्यांदा वाटलं दुसरंच कुणी ओरडलं. कंडक्टर म्हणाला, "ओ मॅडम, बसता का सोडता, टाइम झाला." ग्यानोबा खिडकीत आला. "काय झालं? डाक्टरनं जा म्हनलं की आमाला. तुमी कोन?" मी म्हणाले, मी एक्स-रे काढणारी. "मंग फोटो काढनारीनं फोटो काढावा. सकाळी मुक्याचं सोंग घेतलं, आता वरडून राहिली. तिकडं लेक एकली हाय माझी." सिंधु म्हणाली, "जाऊ द्या माय, दुखनं कमी हाय आता. लेकीला बघून येते, मंग काढा किती फोटो काढायचे ते." समजुतीने म्हणाली. गाडी हलली. आणि मी ओरडले, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं, "मोडकी मान घेऊन जा मग! लेकीच्या मांडीवर आईचं मढं टाकशील, दुसरं काय देशील तिला!"

गाडी थांबली. शेंगा विकणारी बाई टोपली सावरत मागे सरली. सिंधुचं तोंड पांढरं झालं होतं, सासूबाईंचं झालं होतं तसं. ती उतरली. दोन्ही हातांनी डोकं धरून, पायरी चाचपत. मी तिच्या गळ्याला कॉलर बांधली. ती माझ्याकडे न बघता स्टँडवरच्या पाटीकडे बघत होती. ग्यानोबा म्हणाला, "अशी बोली असती व्हय बाईमानसाची." रिक्षात मी एकदा म्हणाले, दादा, काळजीनं बोलले. त्याने मान दुसरीकडे केली. मौन दोन वाजताच सुटलं होतं, दिवा न लावता.

सीटीसाठी नंबर लागता लागता साडेचार झाले. सर्वेश वादच घालत नव्हता. कॉलर बघून तो म्हणाला, "ठीक आहे, काढून टाकू सीटी," आणि कागद लिहून दिला. मी त्याला डोकं धरल्याचं सांगितलं. तो थांबला, म्हणाला, "हे सकाळी का नाही सांगितलंत?" मग त्याला सोमवार आठवला. पाच वाजून दहा मिनिटांनी ग्यानोबाच्या मोबाइलवर लातूरहून फोन आला. तनुजाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण ठीक, पण पोरगी शेवटच्या घटकेला आई आई करत होती, असं कुणीतरी पलीकडून सांगितलं आणि ग्यानोबाने ते जसंच्या तसं बायकोला सांगितलं, माझ्याकडे बघत. कॉलर घातलेल्या माणसाला नीट रडता येत नाही. पाणी तिच्या गालांवरून कॉलरच्या फोममध्ये मुरत होतं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते आणि मनात म्हणत होते, देवा, मोडलेली निघू दे. मी हे असंच म्हणत होते, याच शब्दांत, ॐ नमः शिवायच्या मध्ये मध्ये. मोडलेली निघाली तर मी हिला वाचवलं. मोडलेली निघाली तर ते वाक्य औषध होतं.

दिवेलागणीच्या जरा आधी देविकामॅडमचा फोन आला. "शिवकांताबाई, मान शाबूत आहे. अगदी सुंदर, एकही चीर नाही. दातांची सावलीच होती ती. स्नायू आखडलेत म्हणून डोकं धरत असेल. पण तुमचा संशय योग्य होता हं, सीटी व्हायलाच हवी होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "मोजणीत मात्र चुकीतच धरावी लागेल. नियम आहे." मी हो मॅडम म्हणाले, मऊ आवाजात. सर्वेश चहाचे दोन कप घेऊन आला, एक माझ्यापुढे ठेवला. "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काळजीपोटी केलंत. मीही सकाळी तसं करायला नको होतं." तो खरंच म्हणत होता. सकाळी त्याने टिकली चिकटवली तेव्हा त्याचा जितका राग आला नव्हता तितका तेव्हा आला. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

सिंधुने कॉलर स्वतःच काढली, माझ्या हातात दिली, आणि माझ्यापुढे उभी राहून मान फिरवून दाखवली. "बघा," म्हणाली. "हालती. इकडं बी हालती. तिकडं बी हालती." दुखत होतं तिला, दात आवळलेले दिसत होते, तरी ती फिरवत होती. "लेक माझी एकली पडली. नातीचं तोंड तिच्या सासरच्यांनी पाह्यलं आधी. तुमचं देव भलं करो, माय." ग्यानोबाने पिशवी उचलली. मी म्हणाले, गाडीत पुढच्या सीटवर बसा. ती गेली. एवढ्या वेळात मी तिच्या मानेकडे बघत होते, उजवीकडे, डावीकडे. धडधाकट बाई माझ्यासमोर उभी होती, आणि मला वाईट वाटत होतं.

त्यांची फिल्म पुन्हा राहिलीच. खोलीत कुणी नव्हतं. कागदावर चौदाच्या जागी लाल ठिपका तसाच होता, मी त्याला हात लावला नाही. पिशवीत घालण्यासाठी फिल्म काढायला गेले आणि उजेडाच्या पेटीचं बटण दाबलं. आमच्यात इष्टलिंग डोळ्यांपुढे धरून त्याच्याकडे एकटक बघायचं असतं, पापणी न लववता, तोपर्यंत की दुसरं काही दिसू नये. लहानपणापासूनची सवय आहे, म्हणून तर माझा डोळा असा. बाहेर कुणीतरी देवळातली घंटा वाजवली, दिवा लावायची वेळ झाली होती. मी खुर्ची ओढून घेतली आणि डिंकाच्या वर्तुळाच्या आत बघायला लागले. रिपोर्ट मला माहीत होता. रेघ तिथेच होती, केसासारखी, एका बाजूने काळी. मी पापणी लवू दिली नाही. बराच वेळ बघत राहिले, ती दाताची सावली नसावी म्हणून.